मजुराचा मालक कोण? एका गोणीचा आणि एका मोळीचा हिशोब

नमस्कार. आज एकाच प्रश्नावर बोलायचंय: मजुराचा मालक कोण?

सोपा वाटतो ना? मग पहाटे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये उभे राहा. नाशिककडून ट्रक आलाय. माल शेतकऱ्याचा, गाळा व्यापाऱ्याचा, गाडी तिसऱ्याचीच. गोण्या उतरवणारी टोळी याआधी दुसऱ्याच गाळ्यावर राबून आलीये. आता त्यातल्या एकाची कंबर धरली, तर दवाखान्याचा खर्च कुणी करायचा? व्यापारी म्हणणार, तो माझा माणूस नाही. ट्रकवाला म्हणणार, माझाही नाही. असंघटित कामगाराचं खरं दुखणं हे आहे. कायदा असला तरी तो ज्याला लावायचा, तो मालकच समोर येत नाही.

महाराष्ट्राने यावर 1969 साली एक तोड काढली. मुंबईच्या बाजारांत डोक्यावर ओझी वाहणाऱ्या माणसांना कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी एकत्र केलं होतं. त्यांच्या लढ्यातून माथाडी कायदा आला. त्यातली युक्ती मला आजही थक्क करते. कायदा मालक शोधत बसलाच नाही. त्याने मधे एक मंडळ बसवलं, ज्याला सगळे बोर्ड म्हणतात. त्यात मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी आणि सरकारची माणसं असतात.

आता पैशाची वाट बघा. व्यापाऱ्याची नोंद बोर्डात, हमालाची नोंदही बोर्डात. टोळीने किती माल चढवला-उतरवला, त्यावर मजुरी ठरते. ती मजुरी व्यापारी बोर्डात भरतो, आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही वेगळी भरतो. बोर्ड कामगाराला पगार देतं. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी. गाळा बदलला, व्यापारी बदलला, तरी खातं तेच राहतं. पुढे 1981 मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठीही महाराष्ट्राने याच धर्तीवर कायदा केला.

माथाडीच्या नावाखाली औद्योगिक भागांत खंडणी उकळली जाते, ही तक्रारही मी टाळणार नाही. जो पोतं उचलत नाही आणि नुसता दमदाटी करतो, त्याच्यावर गुन्हा दाखल व्हायलाच हवा. पण त्याच्यापायी खऱ्या हमालाचं संरक्षण काढून घेणं मला अजिबात मान्य नाही.

आता बाजार सोडून उसाच्या फडात या.

दिवाळीच्या सुमारास बीडमधून गाड्या भरून माणसं निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. म्हणजे माणसं दोन, मोजणी एक. निघण्याआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या मध्यस्थाकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते कामातून फेडायचे. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, आणि मजुराचा? बहुतेकदा फक्त तोंडी शब्द.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. चांगलं झालं. पण दर वाढला तरी पैशाची वाट तीच. तो मुकादमाच्या वहीतून येतो. उचल किती फिटली, खाडे किती पडले, हे त्या वहीत. खाडा म्हणजे चुकलेला दिवस. तो मजुरीतून कापला जातो, म्हणून पाळीत, तापात, बाळंतपणाच्या तोंडावरही बाई फडात उभी राहते. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून 2019 मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आपण त्याकडे आरोग्याचा विषय म्हणून पाहिलं. मला तो मजुरीचाही विषय वाटतो. रजेचा पगार असता, तर किती जणींनी आधी चार दिवस विश्रांती घेतली असती?

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे. पण योजना देणारं महामंडळ वेगळं आणि पगार ज्याच्या हातून जातो ते बोर्ड वेगळं. माझं म्हणणं एवढंच आहे की फडातला पैसा बोर्डातून फिरवा. मोजमाप नव्याने शोधायची गरजच नाही. उसाची प्रत्येक गाडी कारखान्याच्या काट्यावर जाते, टनाची नोंद होते, त्या नोंदीवर शेतकऱ्याचं बिल निघतं. तीच नोंद तोडणाऱ्याच्या खात्याला जोडायची. मुकादमाला त्याचं कमिशन वेगळं मिळू द्या. मजुरी त्याच्या हातातून जायला नको.

हा व्हिडिओ ऊसतोडीच्या गावांतून कुणी बघत असेल, तर एक काम करा. ऊसतोड कामगारांची नोंदणी ग्रामसेवकामार्फत होते आणि ओळखपत्र मिळतं. गाडी निघायच्या आधी ग्रामपंचायतीत जा. आणि बायकोची नोंद वेगळी करून घ्या, तिच्या नावाने. 'कोयता एकच आहे' असं कुणी म्हटलं, तर कामाला जाणारी माणसं दोन आहेत हे सांगा, आणि दुसरं ओळखपत्र हातात पडेपर्यंत तिथून उठू नका.