ओढून नाही, भिजवून

नमस्कार सोलापूरकर. ड्रेसिंग रूममध्ये उभं आयुष्य गेलेली मी एक सिस्टर. आज जखमेवरच्या पिवळ्या थराबद्दल बोलते. दुधावर साय धरावी तसा चिकट थर जखमेत बसतो. पुष्कळांना तो पू वाटतो, पण बहुतेकदा ते मेलेलं मांस असतं. त्यात जंतूंना आयती जागा मिळते आणि खालची जखम भरत नाही. म्हणून ते काढायचं. पण ओढून नाही, भिजवून. परत सांगते, ओढून नाही, भिजवून.

साखर पेठेतल्या एक अम्मा होत्या. मे महिना, भर दुपार, आपलं ऊन तुम्हाला सांगायला नको. कुरडया उलटायला त्या अनवाणीच स्लॅबवर गेल्या. जुनी शुगर, तळपाय बधिर. खाली आल्यावर लादीवर ओले डाग दिसले, तेव्हा सुनेनं पाय उचलून बघितला. तळव्याचा फोड फुटला होता, अम्मांना पत्ता नाही!

घरात आधी हळद भरली. मग कुणीतरी फेस येणारं औषध दिलं, हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यानं कोवळ्या पेशीही मरतात. मुलगा रोज वाळून घट्ट बसलेलं गॉज खसकन ओढायचा. रक्त यायचं. त्याला वाटायचं, घाण निघतेय. तीन आठवड्यांनी माझ्याकडे आले, तेव्हा मी ते गॉज उजेडात धरलं. त्याला लालबुंद, दाणेदार, नवं मांस चिकटलेलं. रोज उगवायचं, रोज उपटलं जायचं. अम्मांना दुखतच नव्हतं, मग मुलाला थांबवणार कोण?

पुढच्या वेळी मी गॉजवर सलाइन ओतलं आणि दहा मिनिटं हात लावला नाही. ते अलगद सुटलं. मग मऊ पॅड घेतलं. त्याच्या एका बाजूला पॉलिस्टरचे बारीक तंतू दाट उभे असतात. सलाइनमध्ये भिजवून तीनेक मिनिटं, न दाबता, गोल फिरवलं. मुलगा लूमवर टर्की टॉवेल विणणारा. त्यानं वापरलेलं पॅड उलटून बघितलं. म्हणाला, "सिस्टर, टॉवेलसारखंच की! उभ्या सुतानं मळ धरून ठेवलाय." बरोबर ओळखलं त्यानं. पण घरचा टॉवेल जखमेला लावू नका, तो निर्जंतुक नसतो. पायावर भार द्यायचा नाही, हेही अम्मांनी पाळलं. दसऱ्याला जखम भरली.

एक मनातलं बोलते. ड्रेसिंग हे सगळ्यात नवख्या माणसावर ढकलायचं काम नव्हे. त्याला अनुभवी हात आणि निवांत वेळ लागतो. आमच्या खात्यात हा वेळ कुणी मोजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

असो. "जखम उघडी ठेवा, वाळू द्या," असं घरोघरी सांगतात. 1962 साली लंडनमध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग केला. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं आली. ओलसर म्हणजे चिंब नव्हे हं.

आणि टाचेवर काळी, कोरडी, घट्ट खपली असेल तर भिजवूही नका, सोलूही नका. पाय गार लागत असेल तर मुळीच नाही. आधी सिव्हिलला किंवा तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. भोवती लाली पसरतेय, वास येतोय, ताप भरलाय, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी जा.