जळगावच्या गच्चीवर भिंगाचं सोलर चालेल का?

राम राम मंडळी! हे भिंग बघा. एप्रिलची दुपार आहे, गच्चीवर चप्पल काढायची सोय नाही. कागदावर ठिपका धरला... निघाला धूर. आता मनगट जरासं वळवतो. ठिपका गेला बाजूला, धूर बंद! कॉन्सन्ट्रेटर सोलरची, म्हणजे भिंगाने ऊन एकवटून वीज करणाऱ्या सोलरची, सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी या ठिपक्यात आहे.

आपलं नेहमीचं सिलिकॉन पॅनेल उन्हातली साधारण २० ते २२ टक्के ऊर्जाच विजेत बदलतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पॅनेल तापलं की वीज आणखी घटते. वेगवेगळ्या पदार्थांचे थर चढवलेला सेल (पॅनेलमधला वीज करणारा तुकडा) मात्र प्रत्येक थरात उन्हाचा वेगळा रंग टिपतो. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने २०२२ साली असा चार थरांचा सेल ४७.६ टक्क्यांवर नेला, तोही ६६५ पट एकवटलेल्या उन्हात. सेल जबर महाग. म्हणून तो नखाएवढाच घ्यायचा आणि स्वस्त भिंगाने मोठ्या जागेचं ऊन त्यावर आणायचं.

पण सूर्य ४ मिनिटांत १ अंश सरकतो. ठिपका सेलवरून घसरायला तेवढं पुष्कळ! म्हणून मोठ्या प्रकल्पात अख्खं पॅनेल सूर्यामागे फिरवतात. घराच्या गच्चीवर असलं धूड? मे महिन्यातली एक वावटळ पुरे. आणि मग कुरडया कुठे वाळवायच्या?

यावर तोड निघालीय. पॅनेल जागचं हलत नाही, सेल बसवलेला आतला थर तेवढा ठिपक्यामागे काही मिलिमीटर सरकतो. स्वित्झर्लंडची इनसोलाइट कंपनी आणि अमेरिकेतलं पेन स्टेट विद्यापीठ, दोघांनी हे करून दाखवलंय. मला तरी ही कल्पना भारी वाटते.

राहिला ढग. ढगात आणि धुळीत ऊन विखुरतं. साधं पॅनेल तेही पकडतं, भिंगाला ते गोळा करता येत नाही. म्हणून काही जण सेलच्या मागे साधं सिलिकॉनही बसवतात. खर्च वाढतोच. तिकडे सिलिकॉन इतकं स्वस्त झालं, की फ्रान्सच्या सोयटेकने २०१५ साली या धंद्यातून अंग काढलं. आपला साक्रीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्पही बिनभिंगाच्याच पॅनेलवर चालतो.

तेव्हा आज बसवायचं असेल तर साधंच बसवा. पुढेमागे कोणी भिंगवालं सोलर विकायला आलाच, तर टक्के विचारू नका. श्रावणातल्या ढगाळ दिवशी किती युनिट पडतील, आणि आतला सरकणारा भाग अडकला तर दुरुस्तीला भुसावळात कोण बसलंय, ते विचारा.