मोटर निवडण्याआधी प्रोपेलर आणि व्होल्टेज ठरवा

नमस्कार. मागच्या अनेक व्हिडिओंखाली एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याला दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही असे माझ्या लक्षात आले. प्रश्न असा असतो: "पाच इंची एफपीव्ही क्वाड बांधायचे आहे, तर सर्वांत चांगली मोटर कोणती?" (एफपीव्ही क्वाड म्हणजे गॉगलमध्ये थेट दिसणाऱ्या चित्रावरून उडवायचा चार प्रोपेलरचा ड्रोन.) या प्रश्नाला मी दरवेळी "प्रोपेलर कोणता आणि बॅटरी किती सेलची?" असा उलट प्रश्न विचारतो आणि त्यावर बहुतेक वेळा "ते नंतर ठरवू" असे उत्तर येते. आजचा व्हिडिओ या "नंतर ठरवू" बद्दल आहे.

प्राथमिक गोष्टी झटपट उरकतो, कारण त्या तुम्हाला ठाऊक असतील. फ्रेम, चार मोटरी, त्यांना फिरवणारे ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारी सर्किटे), फ्लाइट कंट्रोलर (क्वाडचा मेंदू असलेला बोर्ड), रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर, कॅमेरा, व्हिडिओ ट्रान्समीटर, त्याचा अँटेना आणि लिपो बॅटरी एवढे भाग एकत्र आले की क्वाड तयार होते. फ्रेमचा आकार प्रोपेलरच्या व्यासावरून सांगितला जातो. फ्रेम घेताना कंट्रोलर बसवण्याच्या छिद्रांमधले अंतर ३०.५ मिलिमीटर आहे की २० मिलिमीटर, एवढे पाहा, आणि कार्बन फायबर विजेचा वाहक आहे हे विसरू नका, कारण मोटरच्या वायरीचे आवरण फ्रेमच्या कडेवर घासून निघाले, की पुढचा धूर ठरलेला असतो.

आता मूळ मुद्दा. क्वाड उडवण्याचे काम प्रोपेलर करतो. मोटर त्याला फिरवते, एवढेच. म्हणून आधी उड्डाण कोणत्या प्रकारचे करायचे ते ठरते, त्यावरून प्रोपेलर, मग बॅटरीचे व्होल्टेज, आणि या दोन्हींना जुळेल तो केव्ही आकडा सर्वांत शेवटी. केव्ही म्हणजे मोटरवर भार नसताना प्रत्येक व्होल्टमागे मिनिटाला होणारे फेरे. मोटरच्या डब्यावर हाच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेला असतो आणि त्यामुळेच "जास्त केव्ही म्हणजे जास्त ताकद" हा समज पसरला असावा. हा समज मला सर्वाधिक खटकतो आणि आज मी तो तीन बाजूंनी तपासणार आहे.

पहिली बाजू साध्या गुणाकाराची. पूर्ण भरलेल्या चार सेलच्या बॅटरीचे व्होल्टेज १६.८ असते आणि सहा सेलच्या बॅटरीचे २५.२. चार सेलवर २४५० केव्हीची मोटर भार नसताना मिनिटाला सुमारे ४१,००० फेरे घेईल, तर सहा सेलवर १७५० केव्हीची मोटर सुमारे ४४,००० फेरे घेईल. म्हणजे केव्ही कमी असूनही फेरे जवळजवळ तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच आहेत. आता हीच २४५० केव्हीची मोटर सहा सेलला जोडली, तर आकडा ६१,००० च्या पुढे जातो. ५.१ इंच व्यासाच्या प्रोपेलरचे टोक या वेगाने फिरले, तर त्याची गती सेकंदाला ४०० मीटरपेक्षा जास्त होईल, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्याही पुढे. प्रत्यक्षात भारामुळे मोटर तिथपर्यंत पोचत नाही. पण ती पोचण्याचा प्रयत्न करते, आणि त्या प्रयत्नात ती जो विद्युतप्रवाह ओढते त्यातून थ्रस्ट (ढकलणारे बल) कमी आणि उष्णता जास्त निर्माण होते. प्रोपेलरला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेरे दीडपट करायचे तर शक्ती सव्वातीनपटीहूनही जास्त लागते, ही गोष्ट केव्हीच्या आकड्याकडे पाहून कोणाच्याच लक्षात येत नाही.

दुसरी बाजू पिळाची, म्हणजे टॉर्कची आहे. केव्ही जेवढा जास्त, तेवढा प्रत्येक अँपिअरमागे मिळणारा पीळ कमी. हे गणित उलट्या प्रमाणाचे आहे आणि कोणतीही कंपनी ते बदलू शकत नाही. कमी केव्हीच्या मोटरमध्ये तारेचे वेढे जास्त असतात, त्यामुळे ती तेवढ्याच पिळासाठी कमी प्रवाह घेते आणि त्याबदल्यात तिला जास्त व्होल्टेज लागते. सायकलचा गिअर बदलल्याने पायातली ताकद वाढत नाही, तसेच केव्ही बदलल्याने मोटरची ताकद वाढत नाही. ताकद किती हे मुख्यतः स्टेटरच्या (मोटरमधल्या, वेढे असलेल्या स्थिर भागाच्या) आकारमानावरून ठरते, आणि ते आकारमान मोटरच्या नावातच दिलेले असते: २२०७ म्हणजे स्टेटरचा व्यास २२ मिलिमीटर आणि उंची ७ मिलिमीटर. "२२०७ चांगली की २३०६?" यावर माझ्या एका व्हिडिओखाली दोन प्रेक्षकांचा बराच मोठा वाद झाला होता. त्या दोघांनाही मी आदराने सांगतो, की व्यासाचा वर्ग करून उंचीने गुणले तर दोन्ही मोटरींच्या आकारमानात जेमतेम सात टक्क्यांचा फरक निघतो, आणि चुंबकांची प्रत, बेअरिंग व घंटेचे (मोटरच्या फिरणाऱ्या कवचाचे) वजन यांमुळे पडणारा फरक त्याहून सहज मोठा असू शकतो.

तिसरी बाजू वायरींची. समजा, पूर्ण थ्रॉटलला तुमचे क्वाड २,००० वॅट शक्ती घेते. चार सेलच्या १४.८ व्होल्टवर त्यासाठी सुमारे १३५ अँपिअर लागतील, तर सहा सेलच्या २२.२ व्होल्टवर सुमारे ९०. वायर, कनेक्टर आणि ईएससीतले मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) यांत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे सहा सेलवर तिथला अपव्यय निम्म्याहूनही कमी होतो. सहा सेलचा खरा लाभ हा आहे. "सहा सेल लावले की क्वाड दीडपट ताकदवान होते" असे लिहिणाऱ्यांनी केव्ही तोच ठेवलेला असतो, आणि ताकद वाढल्यासारखी वाटते ती मोटर जळेपर्यंतच. माझ्या एका मित्राने चार सेलसाठी घेतलेल्या मोटरींवर सहा सेलची बॅटरी लावली होती. पहिल्या काही मिनिटांत तो अत्यंत आनंदात होता. उतरवल्यावर मात्र मोटरीला बोट लावता येत नव्हते आणि वेढ्यांवरचे वॉर्निश जळल्याचा वास सगळ्यांना येत होता.

यावर हमखास येणारी एक कॉमेंट मला माहीत आहे, म्हणून तिचे उत्तर आताच देतो. "बीटाफ्लाइटमध्ये मोटरचे आउटपुट ६६ टक्क्यांवर मर्यादित करता येते, मग जुन्याच मोटरींवर सहा सेल का वापरू नयेत?" बीटाफ्लाइट म्हणजे फ्लाइट कंट्रोलरवर चालणारे फर्मवेअर, म्हणजे त्यातले सॉफ्टवेअर. त्यात ही सोय खरोखर आहे आणि हाताशी असलेल्या बॅटऱ्या वापरून संपवण्यासाठी ती उपयोगी पडते. मात्र फर्मवेअर नव्याने टाकताना ती सेटिंग पुसली गेली, तर पहिल्याच पूर्ण थ्रॉटलला मोटर आणि ईएससी दोन्ही धोक्यात येतात. नवे भाग विकत घेताना अशा तडजोडीवर विसंबून राहण्याचे काहीच कारण नाही. पाच इंचाच्या प्रोपेलरला सहा सेलवर १७०० ते १९५० केव्ही आणि चार सेलवर २४०० ते २७०० केव्ही ही पट्टी सर्वसाधारणपणे योग्य ठरते. जास्त पिचचा, जड प्रोपेलर वापरणार असाल तर त्या पट्टीच्या खालच्या टोकाकडे राहावे.

पिचचा उल्लेख आलाच आहे, तर तेही पाहू. ५१४३ म्हणजे ५.१ इंच व्यास आणि ४.३ इंच पिच. पिच म्हणजे पाते घसरले नाही असे मानून एका फेऱ्यात प्रोपेलर जेवढे अंतर पुढे जाईल ते. मिनिटाला २५,००० फेरे झाले तर ४.३ इंच पिचवर हा हिशेब ताशी सुमारे १६४ किलोमीटर निघतो. शर्यतीत जास्त पिच हवा असतो. झाडांमधून सावकाश फिरणाऱ्याला कमी पिचमध्ये नियंत्रण अधिक नाजूकपणे मिळते आणि बॅटरीही जास्त टिकते.

ईएससीबद्दल फार बोलत नाही. चारही ईएससी एकाच पट्टीवर असलेला फोर-इन-वन घ्या; त्यावर लिहिलेले अँपिअर हे प्रत्येक मोटरसाठी असतात, त्यामुळे पाच इंची क्वाडला ४५ ते ५५ अँपिअरचा पुरतो. तो सहा सेल सहन करतो का, हे मात्र नक्की वाचा. बीएलहेली ३२ या ईएससी फर्मवेअरचा विकास २०२४ मध्ये थांबला, त्यामुळे आता नवा ईएससी घेताना एएम ३२ या मुक्त फर्मवेअरवर चालणारा पाहावा. ईएससीसोबत येणारा कपॅसिटर "नंतर लावू" म्हणून डब्यात ठेवणारे प्रेक्षक बरेच आहेत, हे त्यांनी पाठवलेल्या फोटोंवरून कळते. मोटर झटकन मंदावते तेव्हा व्होल्टेजचे टोकदार झटके बॅटरीच्या तारांवर येतात. ते शोषले गेले नाहीत तर जायरोत (क्वाडचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरमध्ये) आणि चित्रात गोंगाट शिरतो आणि कधीकधी ईएससीच फुटतो. सहा सेलला किमान ३५ व्होल्टचा, कमी ईएसआरचा (अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर बॅटरीच्या पॅडवरच, पाय शक्य तेवढे आखूड ठेवून सोल्डर करावा.

बॅटरीवरचा सी आकडा (क्षमतेच्या किती पट प्रवाह देता येतो तो) हा माझा दुसरा तक्रारीचा विषय आहे, पण तो थोडक्यात सांगतो. १३०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीवर १२० सी लिहिलेले असेल, तर तो दावा १५६ अँपिअरचा झाला, आणि तेवढा प्रवाह सतत घेतला तर बॅटरी ३० सेकंदांत रिकामी होईल. असा प्रवाह सतत देऊन तो आकडा कोणी तपासला असेल, यावर माझा विश्वास नाही. त्याऐवजी चार्जरवर प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध मोजा. तो ३ मिलिओहम असेल, तर सहा सेल मिळून १८ मिलिओहम होतात आणि १०० अँपिअरला १.८ व्होल्ट घसरतात. जुन्या बॅटरीत तोच रोध सेलमागे ८ झाला, की घसरण ४.८ व्होल्टवर जाते, आणि अर्धी बॅटरी शिल्लक असतानाही गॉगलमध्ये कमी व्होल्टेजचा इशारा लुकलुकू लागतो. अशा वेळी दोष मोटरीला दिला जातो. उड्डाण संपवताना सेलमागे ३.५ व्होल्ट उरले पाहिजेत आणि बॅटरी ठेवून द्यायची असेल तर ती ३.८ च्या आसपास ठेवावी.

फ्लाइट कंट्रोलरमध्ये एफ ४०५ किंवा एफ ७२२ प्रोसेसर पुरेसा आहे. प्रोसेसरपेक्षा यूआर्ट (इतर उपकरणे जोडायची पोर्ट) किती आहेत ते मोजा, कारण रिसीव्हरला एक, डिजिटल व्हिडिओला एक आणि जीपीएसला एक लागतो. ईएससीकडून फेऱ्यांची माहिती येण्यासाठी द्विदिश डीशॉट (कंट्रोलर आणि ईएससी यांच्यातला दुतर्फा संवाद) चालू करा, म्हणजे मोटरींच्या कंपनांचा गोंगाट गाळणारा आरपीएम फिल्टर काम करील. रिसीव्हर एक्सप्रेसएलआरएस या रेडिओ प्रणालीचा घ्या. ती मुक्त आहे आणि अनेक कंपन्यांचे रिसीव्हर एकाच रिमोटशी जुळतात.

व्हिडिओच्या बाबतीत क्रम पुन्हा उलटा आहे. प्रेक्षक कॅमेरा आधी निवडतात आणि गॉगल नंतर. वास्तविक गॉगल ठरला की हवेतली यंत्रणा आपोआप ठरते. डीजेआय, वॉकस्नेल आणि एचडीझीरो या डिजिटल यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत, आणि ॲनालॉग ही चौथी वाट. क्वाड फुटते, बदलते, विकले जाते. गॉगल मात्र अनेक क्वाडांना पुरतो. सिग्नल क्षीण होताना ॲनालॉग चित्रात हळूहळू मुंग्या वाढत जातात आणि वैमानिकाला मागे वळायला वेळ मिळतो. डीजेआयचे चित्र बराच काळ स्वच्छ राहते आणि मग गोठू लागते, म्हणून तिथे पडद्यावरचा बिटरेटचा (सेकंदाला येणाऱ्या माहितीचा) आकडा वाचण्याची सवय लावावी लागते. शिकण्यासाठी लहान, पिंजऱ्यातल्या प्रोपेलरचे क्वाड आणि ॲनालॉग गॉगल ही जोडी मला अजूनही योग्य वाटते, जरी या मतावर कॉमेंटमध्ये मला जुनाट म्हटले जाते.

"माझा व्हिडिओ पन्नास मीटरवर जातो" असे लिहिणाऱ्यांनी आधी अँटेनाचे ध्रुवीकरण तपासावे. क्वाडवर उजव्या फिरकीचा अँटेना आणि गॉगलवर डाव्या फिरकीचा असेल, तर बहुतांश सिग्नल तिथेच वाया जातो. दोन्हींवर आरएचसीपी (उजवी फिरकी) किंवा दोन्हींवर एलएचसीपी (डावी फिरकी) असलेच पाहिजे. अँटेना न लावता ट्रान्समीटर चालू करू नका, आणि टेबलावर सेटिंग करताना समोर लहान पंखा ठेवा, कारण हवेत असताना मिळणारा वारा त्याला टेबलावर मिळत नाही.

सर्व जोडून झाल्यावर पहिली बॅटरी स्मोक स्टॉपरमधूनच (शॉर्ट सर्किट असल्यास प्रवाह रोखणाऱ्या उपकरणातूनच) लावावी आणि तोपर्यंत प्रोपेलर बसवू नयेत. पहिल्या उड्डाणात एक मिनिट क्वाड एका जागी स्थिर तरंगत ठेवा, उतरवा आणि चारही मोटरींना हात लावा. कोमट असतील तर जुळणी बरोबर आहे. एकच गरम असेल तर बेअरिंग, वाकलेला शाफ्ट किंवा आत गेलेला स्क्रू शोधा, कारण लांब स्क्रू वेढ्यांना टेकणे हे नव्या बांधणीत नेहमी आढळते. चारही गरम असतील आणि प्रोपेलर, व्होल्टेज व केव्ही यांचा मेळ तुम्ही वर सांगितल्याप्रमाणे तपासलेला असेल, तर बीटाफ्लाइटमध्ये डी टर्मचा (हालचालींना आवर घालणाऱ्या सेटिंगचा) आकडा कमी करून पुन्हा एक मिनिट उडवा, आणि मगच मला मोटरीबद्दल प्रश्न विचारा. विचारताना प्रोपेलरचा क्रमांक आणि सेलची संख्या सोबत लिहा.