सायकल बांधायचा खांब

[दृश्य : सकाळ. कालव्याचं संथ पाणी. फूटपाथवर एक बाई हिरव्या लोखंडी खांबाशी वाकून काहीतरी निरखतेय.]

ही माझी मैत्रीण. आणि हा खांब म्हणजे माझी सायकल बांधायची जागा.

२००९ ते २०१६, सात वर्षं मी बर्लिनच्या नॉयकोल्न भागात राहिले. रोज संध्याकाळी कामावरून आलं की साखळी याच्याभोवती फिरवायची, कुलूप लावायचं आणि वर जायचं. खांबाला एक लांब दांडा आहे, पुढे तोटी आहे, डोक्यावर नक्षी आहे, हे सगळं मला दिसत होतं. पण कधी विचारावंसं वाटलं नाही की हे काय आहे.

मैत्रिणीला बर्लिनमध्ये येऊन अजून एक दिवसही झालेला नाही. ती म्हणते, "अगं, हा तर हापसा आहे!"

[दृश्य : खांबाचा जवळून शॉट. ओतीव लोखंड, रंगाचे पोपडे, दांड्याची गुळगुळीत झालेली मूठ. खांबाला कुणाची तरी निळी सायकल बांधलेली.]

मैत्रीण पाणीपुरवठा अभियंता. तीस वर्षं नगरपालिकेत काढून निवृत्त झाली. रात्री दोन वाजता फुटलेली लाइन, अडकलेला व्हॉल्व्ह, उन्हाळ्यातले टँकर आणि टँकरवरची भांडणं, हे तिचं आयुष्य. मी सात वर्षं तिला फोनवर बर्लिन सांगत होते आणि ती मला गळती सांगत होती. कधीतरी एकत्र जाऊ, म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. शेवटी २०२५च्या सप्टेंबरात निघालो. माझ्याकडे यादी होती. सकाळी काय, दुपारी काय, सूर्य कुठल्या पुलावरून मावळताना बघायचा. यादीत हापसा नव्हता.

तिने दांडा धरला. एक, दोन, तीन... दहा. आतून नुसता कोरडा खडखडाट. कुत्रा फिरवायला निघालेला एक माणूस थांबून बघायला लागला आणि, आता कबूल करते, मला लाज वाटली. इतक्या वर्षांनी आपल्या गल्लीत यायचं आणि पहिल्याच सकाळी तमाशा! "चल गं, बाजारात गर्दी होईल," म्हणत मी तिला तिथून ओढून नेलं.

[दृश्य : मायबाखउफरचा बाजार. ऑलिव्हचे ढीग, कापडाचे तागे, तुर्की विक्रेत्यांच्या आरोळ्या.]

मायबाखउफर म्हणजे कालव्याचा काठ. दर मंगळवारी आणि शुक्रवारी इथे हा बाजार भरतो. बाजार तसाच आहे. जवळचं माझं घर मात्र ओळखू आलं नाही.

आम्ही मागच्या इमारतीत राहायचो. बर्लिनची जुनी घरं अशीच असतात : रस्त्यावर एक तोऱ्यातली इमारत, मग चौक, मग मागे दुसरी, जरा गरीब. माझी खोली चौथ्या मजल्यावर. भिंतीत फरशांची उंच भट्टी. तळघरातून कोळशाचे ठोकळे बादलीत घालून वर आणायचे, तेव्हा कुठे थंडीत बोटं हलायची. भाडं ३२० युरो. आज तिथे काचेची लिफ्ट आहे. मधल्या काळात, २०२० साली, बर्लिन सरकारने भाडी गोठवायचा कायदा केला होता. तो एप्रिल २०२१मध्ये घटनात्मक न्यायालयाने रद्दबातल ठरवला. भट्टी कधी गेली, कुणाला विचारणार? बेलच्या पाटीवर ओळखीचं एकही नाव उरलेलं नाही.

मी चौकात उभी राहून वरच्या खिडकीकडे बघत होते. मैत्रीण खाली बघत होती. चौकातल्या झाकणावर वाकून म्हणाली, "हे चेंबर पावसाच्या पाण्याचं आणि मैल्याचं एकत्रच दिसतंय."

[दृश्य : रस्त्याच्या कडेने डोक्यावरून जाणारे गुलाबी पाइप, मध्येच चौकोनी कमान करून रस्ता ओलांडणारे.]

बर्लिनला पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण या पाइपांना फसतो. मला पहिले सहा महिने ती कलाकृती वाटायची. मग कुणीतरी सांगितलं, बांधकामाचं काहीतरी आहे. तेवढ्यावर माझं समाधान झालं.

मैत्रिणीने पाइपाला तळहात लावला. "गार आहे. पाणी आहे आत."

हे शहर दलदलीवर वसलंय. मध्यवर्ती भागात दोन-तीन मीटर खणलं की पाणी लागतं. त्यामुळे कुणी पायासाठी खड्डा घेतला की आधी भूजल उपसायचं आणि या पाइपांतून जवळच्या कालव्यात किंवा नदीत सोडायचं. पिण्याचं पाणीसुद्धा याच भूजलातून येतं. श्प्रे आणि हाफेल या नद्यांचं पाणी काठच्या वाळूतून गाळून जमिनीत मुरतं आणि विहिरींतून उपसलं जातं. नळाच्या पाण्यात एरवी क्लोरीन घालावंच लागत नाही.

हे तिला मी सांगितलं नाही. तिने आल्या रात्रीच नळाखाली पेला धरला होता, वास घेतला होता आणि म्हणाली होती, "क्लोरीन नाही." मग पाण्याच्या किटलीत डोकावून, "पण क्षार बघ किती!" सात वर्षं मी त्या पांढऱ्या पापुद्र्याशी व्हिनेगर घेऊन लढले. तो जमिनीतून येतो, हे मला तेव्हा कळलं.

[दृश्य : श्प्रेच्या काठावर लाल विटांची जुनी इमारत, तिला बिलगून काचेची नवी.]

ही इमारत माझ्या यादीतली. रेडियलसिस्टम. २००६पासून इथे नृत्य आणि संगीताचे कार्यक्रम होतात. मी किती संध्याकाळी या गच्चीवर घालवल्या! नावाचा अर्थ कधी विचारला नाही. काहीतरी आधुनिक, जर्मन, असं धरून चालले होते.

मैत्रीण आत शिरली, छत बघितलं, खिडक्यांची उंची बघितली. "हे पंपिंग स्टेशन आहे."

होतंच. एकोणिसाव्या शतकात बर्लिनची गटारं रस्त्याच्या कडेने उघडी वाहायची. डॉक्टर रुडॉल्फ विर्खो यांनी आरोग्याच्या बाजूने रेटा लावला आणि अभियंता जेम्स होब्रेख्त यांनी आराखडा दिला. शहराचे बारा भाग करायचे. प्रत्येक भागाचं सांडपाणी उताराने त्याच्या सखल टोकाला आणायचं आणि तिथून वाफेच्या पंपाने शहराबाहेरच्या शेतांवर ढकलायचं. प्रत्येक भाग म्हणजे एक रेडियल सिस्टम. ही पाचवी. काम १८७०च्या दशकात सुरू झालं.

"बारा झोन आणि शेवटी शेती," मैत्रीण म्हणाली. तिचा स्वर मी ओळखते. एखाद्याची भाजी छान झाली की ती अशीच गप्प होते.

[दृश्य : बेर्नाउअर श्ट्रासे. भिंतीचा उरलेला तुकडा, गवत, गंजलेल्या सळयांची रांग.]

पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधल्या भिंतीबद्दल फार बोलत नाही, तुम्ही शंभर वेळा पाहिलंय. १३ ऑगस्ट १९६१ला उभी राहायला लागली, ९ नोव्हेंबर १९८९ला उघडली. मी ज्या यू-८ मेट्रोने रोज कामाला जायचे, त्या मार्गावरची पश्चिमेची गाडी भिंतीच्या काळात पूर्वेच्या पोटातून जायची आणि तिथल्या स्टेशनांवर न थांबता, अंधारातून हळू पुढे सरकायची. ही गोष्ट मी पाहुण्यांना नेहमी सांगते. बेर्नाउअर श्ट्रासेचं स्टेशन त्यातलंच एक. पाहुणे नेहमी "बापरे" म्हणतात.

मैत्रीण "बापरे" म्हणाली नाही. तिने विचारलं, "ड्रेनेज कसं तोडलं?"

मला उत्तर नव्हतं. रात्री दोघी शोधत बसलो. पाणीपुरवठा दोन्हीकडचा वेगळा केला होता. सांडपाणी मात्र होब्रेख्तच्या उताराने वाहत राहिलं. पश्चिमेचं बरंच पाणी पूर्वेच्या हद्दीत जायचं आणि त्याचे पैसे पश्चिम बर्लिन मोजायचं. सुरुवातीला काही माणसं या गटारांतूनच पलीकडे निसटली. मग आत लोखंडी जाळ्या बसवल्या गेल्या.

"पाण्यापुढे जाळी चालते," ती म्हणाली. "भिंत चालत नाही."

[दृश्य : भूमिगत स्टेशन. निळं कमानदार छत, त्यात शेकडो बारीक दिवे.]

हे म्युझियम्सइन्झल. माझ्या वेळी नव्हतं, ९ जुलै २०२१ला सुरू झालं. छतात ६,६६२ दिवे आहेत. वास्तुकार कार्ल फ्रीडरिश शिंकेलने १८१६ साली रंगभूमीसाठी रंगवलेल्या तारांकित आकाशावरून ही कल्पना घेतलीय. सगळे माना वर करून फोटो काढतात. आम्ही दोघी भिंतीकडे बघतोय. वर कालवा आहे. पाण्याखाली एवढी पोकळी खोदायची म्हणून आजूबाजूची माती गोठवली होती, आणि त्या गोठलेल्या कवचाच्या आत खोदकाम झालं. मैत्रीण प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, ओल शोधत. सापडली नाही. जरा नाराजच झाली.

[दृश्य : डालेम. झाडीतला शांत रस्ता. एका जुन्या इमारतीचं दार, बाजूला धातूची पाटी.]

सोमवारी यू-३ने शहराच्या डालेम भागात गेलो. हे तिच्या यादीतलं एकमेव ठिकाण.

ईनेश्ट्रासे २२. १९२७ साली इथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली. तिच्या पूर्ण नावात 'सुप्रजननशास्त्र' हाही शब्द होता. आणि त्या दशकाच्या अखेरीस इथे संशोधनाला आल्या इरावती कर्वे. सासरे महर्षी कर्वे यांचा या जाण्याला विरोध होता, नवरा दिनकर पाठीशी होता. मार्गदर्शक ऑइगेन फिशर, पुढे नाझी वंशशास्त्राचा मोठा आधार ठरलेला माणूस. विषय, मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधली असमानता. युरोपीय कवटी वेगळी, म्हणून युरोपीय मेंदू श्रेष्ठ, असं काही त्यातून निघेल ही अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही. पदवी घेतली आणि परत आल्या.

पुढे याच संस्थेला आउश्वित्झच्या नाझी छळछावणीतून तिथला डॉक्टर योसेफ मेंगेले शरीराचे नमुने पाठवायचा. दाराशी १९८८ साली लावलेली पाटी त्याबद्दल आहे.

२०१४ साली इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाजवळ खोदकाम चाललं असताना माणसांची हाडं निघाली. ती नीट तपासणी न होताच दहन करून पुरली गेली, त्यावर टीका झाली. मग पुरातत्त्वज्ञांनी शिस्तीत उत्खनन केलं. सुमारे १६ हजार तुकडे निघाले. ते २३ मार्च २०२३ला डालेमच्या वनस्मशानभूमीत दफन केले गेले. कुणाची हाडं, हे ठरवायला आणखी चाचण्या करायच्या नाहीत, असं आधीच ठरवलं होतं. पुन्हा त्यांना नमुना करायचं नव्हतं.

२०१४ला मी याच शहरात होते. बातमी वाचली होती का, आठवत नाही.

मैत्रीण बराच वेळ पायरीवर बसून होती. "आमच्याकडेसुद्धा चर खणताना कधी हाडं निघायची," ती म्हणाली. "काम थांबवायचं, पोलीस बोलवायचे, पंचनामा. एक जुना मजूर होता. पोलीस येईपर्यंत तो हाडांवर स्वतःचा टॉवेल टाकून ठेवायचा. ऊन लागू नये म्हणून."

[दृश्य : संध्याकाळ. कालव्यावर उतरतं ऊन. पुन्हा तोच हिरवा खांब, तीच निळी सायकल.]

शेवटच्या संध्याकाळी मला पुलावरचा सूर्यास्त दाखवायचा होता. ती सरळ हापशाकडे गेली.

बर्लिनच्या रस्त्यांवर असे सुमारे दोन हजार हापसे आहेत. आणीबाणीसाठी राखलेले. १९४५ साली नळ बंद पडले तेव्हा लोक यांच्याचपुढे बादल्या घेऊन रांगेत उभे राहिले होते. तोटीवरच्या छोट्या पाटीवर लिहिलंय : पिण्याचं पाणी नाही. तीही पाटी मी सात वर्षांत वाचली नव्हती.

तिने दांडा धरला. दहा. पंधरा. मी इकडेतिकडे बघितलं, पण या वेळी तिला ओढलं नाही. वीस. पंचविसाव्या हापशाला आवाज बदलला. खडखडाट गेला, खाली कुठेतरी जड असं काही उचललं जातंय असा घरघराट आला. मग तोटीतून एक तपकिरी गुळणी, मग थोडी हवा, मग पाणी. गार, लोखंडाच्या वासाचं. निळ्या सायकलचं मागचं चाक भिजलं.

तळमजल्याचं दार उघडलं. एक म्हातारी बाई बाहेर आली, दोन्ही हातांत एकेक झारी. आमच्याकडे न बघता तिने पहिली झारी तोटीखाली ठेवली. भरली, दुसरी ठेवली. मग जर्मनमध्ये विचारलं, "थांबणार आहात का अजून थोडा वेळ? लिंडनच्या झाडांना घालायचंय."

मी भाषांतर केलं.

मैत्रिणीने बाह्या वर सारल्या. "विचार तिला, किती झाडं आहेत."

बाईने बोटं दाखवली. चार.

मी कॅमेरा सायकलच्या सीटवर टेकवला आणि दांड्याचं दुसरं टोक धरलं.

[दृश्य : तिरपी झालेली चौकट. दोन जोड्या हात, वर-खाली होणारा दांडा. पाण्याचा आवाज.]