आऊट निघाली, ताण राहिला

हे चाक फिरवतो, बघा. रिंग कागदाएवढीही डावी-उजवीकडे जात नाही. आऊट अजिबात नाही. आता एकेका स्पोकवर टिचकी मारतो, ऐका. टण्. टण्. ठप्प. टिंग.

हेच चाक लावून, मागे भरलेल्या पिशव्या टांगून, मी वरंध घाट उतरलो होतो. मागच्या चाकाचा डावीकडचा स्पोक गेला. वाटेत एका दुकानात नवा बसवला, त्यांनी आऊट काढून दिली. तिसऱ्या दिवशी शेजारचा गेला. मी स्पोकच्या मालाला शिव्या घातल्या. माल चांगला होता.

स्पोक म्हणजे खांब नव्हे, ताणलेली तार. वजन पडलं की जमिनीकडच्या तीन-चार स्पोकचा ताण उतरतो, बाकीच्यांचा जवळपास तसाच राहतो. म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला प्रत्येक स्पोक एकदा सैलावतो आणि पुन्हा ताणला जातो. जो आधीच ढिला, तो त्या क्षणी पार सुटतो, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकात आपल्या वाकाशी हलतो. हातात तार धरून मागेपुढे वाकवत राहिलं तर काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. लोक म्हणतात, फार आवळला म्हणून तुटला. बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते.

त्यात गिअरच्या सायकलीला उजवीकडे दातेरी चकत्यांसाठी जागा सोडावी लागते. तिकडचे स्पोक उभे, डावीकडचे जास्त तिरके. रिंग मधोमध राहायची तर उजवीकडे ११० ते १२० किलो ताण असताना डावीकडे ६० ते ७०च मिळतो. म्हणून तुलना एकाच बाजूच्या स्पोकची करायची. (आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असत आणि ही भानगड फारशी नसे.)

ताण मोजायचं यंत्र साधं आहे. दोन टेकूंमध्ये स्पोक धरायचा, मधून स्प्रिंग त्याला दाबते, आणि तो किती वाकला ते काटा दाखवतो. तो आकडा किलोचा नाही! स्पोक २ मिलिमीटरचा की १.८चा, गोल की चपटा, हे पाहून तक्त्यातून किलो काढायचे. आणि मोजताना टायर काढलेला बरा; हवा भरली की रिंग आवळली जाते आणि ताण थोडा उतरतो.

यंत्र नसेल तर कान आहे. २ मिलिमीटर जाडीचा, २९ सेंटिमीटरचा स्पोक १०० किलोला सेकंदाला सुमारे ३४५ वेळा कंपतो. स्पोक एकमेकांवर टेकतात, त्यामुळे नेमका सूर भरवशाचा नाही, पण तुलना पक्की होते. ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो. पेटीवर सा आणि कोमल रे यांच्यात जेवढं अंतर, तेवढा सुरात फरक म्हणजे ताणात १२ टक्के. एका बाजूचे स्पोक सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत असले तरी पुष्कळ झालं, आणि एवढा फरक गाणं न शिकलेल्यालाही कळतो. बाजूचा ताण एकूण किती, हे मात्र यंत्रालाच विचारावं.

आवळताना हात जपून. निपलचा, म्हणजे स्पोक रिंगला धरणाऱ्या लहान नटाचा, एक पूर्ण वेढा म्हणजे ०.४५ मिलिमीटर, आणि १०० किलोला हा स्पोक ताणला जातो तोही जेमतेम तेवढाच. म्हणून पाव वेढा पुरे. ढिला पाव वेढा आवळा, त्याच बाजूचे त्याचे दोन्ही शेजारी प्रत्येकी त्याच्या निम्मे सोडा. रिंग जागची हलणार नाही.

या, कुणीतरी पुढे या. ही घ्या चावी. त्या ‘ठप्प’पासून सुरू करा.