'शी-वुल्फ': सतरा वर्षांनी घरी आलेला अल्बम

जेसी मे हेम्फिल ही ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, गाणारी आणि गिटार वाजवणारी. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याची. जन्म १९२३चा, कोमो आणि सेनाटोबिया या गावांच्या परिसरातला. तिचा पहिला अल्बम, 'शी-वुल्फ', १९८१ साली निघाला, तोही फ्रान्समध्ये, व्होग या कंपनीकडून. बाई तेव्हा साठीकडे झुकलेल्या. अमेरिकेत तो अल्बम पुन्हा निघाला १९९८मध्ये. आणि मधे, १९९३ साली, तिला पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. गिटारच्या मानेवर तारा दाबतो तो डावाच हात, मित्रहो. गावाकडच्या लोकांना हा अल्बम दुकानातून विकत मिळू लागला तेव्हा तिचं गिटार वाजवणं बंद होऊन पाच वर्षं झाली होती.

मला हे फार लागतं. पण कीव करून तिला ऐकू नका, कारण अल्बममध्ये कीव करण्यासारखं काहीच नाही.

ब्लूज म्हटलं की आपल्याला बारा 'बार'चा, म्हणजे ठेक्याच्या बारा आवर्तनांचा, साचा आणि ठरलेले तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ) आठवतात. उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांवरचा ब्लूज तसा नाही. तिथे बऱ्याचदा एकच कॉर्ड धरून ठेवतात आणि एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा फिरवतात. याचं नातं तिथल्या बासरी-ढोलाच्या पथकांशी आहे. वेताची बासरी, सोबत ढोल, आणि उन्हाळ्यातल्या सहलींना रात्रभर नाचणारी माणसं. जेसी मेचे आजोबा सिड हेम्फिल दृष्टिहीन होते. फिडल, बासरी, जे हाती येईल ते वाजवायचे. लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी १९४२मध्ये त्यांचं ध्वनिमुद्रण केलं. मावशी रोझा ली हिल गिटारवर गायची. आणि जेसी मे स्वतः पथकात ढोल वाजवत मोठी झाली.

म्हणूनच तिची गिटार ढोलासारखी लागते. उजवा हात ठेका सोडत नाही. पायाला डफली बांधलेली, तिची झांज प्रत्येक पावलाबरोबर वाजते. वर तो आवाज: ताणलेला नाही, आर्जवी नाही, समोरच्याला स्पष्ट सांगणारा. सोलोची वाट पाहत बसाल तर निराश व्हाल. सुरावट पाचव्यांदा येते तेव्हा ती तीच असते, आणि तोवर आपण बदललेलो असतो.

तिची अजिबातच दखल घेतली गेली नाही, असं नाही. १९८७ आणि १९८८ साली तिला ब्लूजसाठीचे डब्ल्यू. सी. हँडी पुरस्कार मिळाले. पण याच टेकड्यांवरचे ब्लूज गायक आर. एल. बर्नसाइड आणि ज्युनियर किंब्रो जगभर पोहोचले ते नव्वदच्या दशकात. ती लाट आली तेव्हा हिचा हात गेला होता.

पुढे भक्तिगीतं गायला ती पुन्हा ध्वनिमुद्रणाला बसली; तो अल्बम २००४मध्ये निघाला. हातात डफली होती. २००६मध्ये मेम्फिसला तिचं निधन झालं.

आता 'शी-वुल्फ' लावतो. पहिल्यांदा फक्त पायाकडे कान ठेवा.