वेध : कुलाब्याची नोंदवही

जून उजाडला की मुंबईला पावसाचे वेध लागतात. छत्र्या माळ्यावरून उतरतात, गच्चीवर निळी ताडपत्री चढते. ग्रहणाचे वेध, सुट्टीचे वेध... आणि कुलाब्याच्या वेधशाळेच्या नावातही तोच शब्द.

मूळ संस्कृत धातू 'व्यध्', म्हणजे टोचणं, भेदणं. बाळाचे कान टोचतात तो कर्णवेध. ज्योतिषी नळीतून नेमका एक ग्रह नजरेत धरत, तोही वेधच. पोथीतलं गणित सांगतं ग्रह कुठे असावा. वेध सांगतो तो कुठे आहे. पाचशे वर्षांपूर्वी कोकणातल्या नांदगावी केशव दैवज्ञांना या दोन्हींत फरक आढळला. त्यांनी आकाशाची बाजू घेतली. पुढे त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला, आणि पंचांगं त्यावरून होऊ लागली.

कुलाबा वेधशाळा १८२६ ची, ईस्ट इंडिया कंपनीची. १८४१ पासून इथे पृथ्वीचं चुंबकत्वही मोजू लागले. टांगलेली चुंबकाची कांडी, समोर दुर्बीण. दुर्बिणीतून मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत उतरवायचा. तासातासाला, रात्री-अपरात्रीही. कंटाळवाणं काम, यात शंका नाही.

२ सप्टेंबर १८५९. आकडा घसरू लागला आणि घसरतच गेला. आजच्या मापात सुमारे १,६०० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक)! आदल्या दिवशी सूर्यावर प्रचंड स्फोट झाला होता, तो इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ कॅरिंग्टन यांनी पाहिला होता. कुलाब्यात ते कुणाला ठाऊक असणार? समोर दिसलं ते लिहिलं, बस्स. त्या नोंदींवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी सूर्यावरच्या त्या स्फोटाने पृथ्वीवर उठलेल्या चुंबकीय वादळाची तीव्रता काढली. त्यांत मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचेही लोक होते.

त्या वादळानंतर काही दशकांनी शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबक बिथरणार, म्हणून चुंबकत्व मोजण्याचं काम १९०४ मध्ये अलिबागला गेलं. तिथली इमारत लोखंडाशिवाय बांधली.

पाऊस मात्र अजून कुलाब्यातच मोजतात, सकाळी साडेआठ ते साडेआठ. २६ जुलै २००५ च्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्यात अवघा ७३. दादर-कुर्ल्याच्या माणसाने यातला कुठला आकडा आपला मानायचा? त्यानंतर पालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली.